रेडकू कुठे गेले?

आम्ही माळकरी. कोंबडी आमच्या ताटात येत नाही, मग तिच्या पिंजऱ्याची पंचाईत आम्हांस कशाला, असे पुष्कळ सज्जन विचारतात. वाचकहो, कालपरवापर्यंत आम्हीही हेच म्हणत होतो.

माघातल्या सप्ताहासाठी एका गावी गेलो असता तेथील शाळेत भूतदयेवर बोलण्याचा योग आला. आम्ही ऐटीत सुरुवात केली. अंड्यांच्या कारखान्यांत एकेका कोंबडीच्या वाट्याला जेमतेम लांब वहीच्या पानाएवढी जागा. पंख पसरायची सोय नाही, चोचीचे टोक छाटलेले. नर पिले अंडी देत नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी मारतात. पिंजऱ्यात प्राण्याला हालचाल करता आली पाहिजे, असे १९६० चा कायदा सांगतो. विधी आयोगाने २०१७ साली या कोंबड्यांविषयी वेगळा अहवालही दिला. कोलिस्टिन हे माणसांच्या अखेरच्या उपायाचे औषध. तेही कोंबड्यांना चारीत, म्हणून २०१९ साली त्यावर बंदी घालावी लागली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "महाराज, आमच्या आबांची शेड आहे. ते पण माळकरीच. मग ते पापी का?"

काय सांगणार! संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. आबांनी शेड दाखवली. पिंजरे नव्हते, पण भुशावर पाय ठेवायला जागा नाही इतके पक्षी. वजन इतके भराभर वाढते की काहींना उभेही राहवेना. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, पाणी, राबणे आबांचे. चाळीसेक दिवसांनी कंपनी वजन करून नेते, किलोमागे मजुरी देते. २००६ साली नवापुरास बर्ड फ्लू आला, लाखो पक्षी मारून पुरावे लागले, ती धास्ती अजून आहे.

"सोडलं असतं हो," आबा म्हणाले, "पण बँकेचा हप्ता कोण भरील?" मग चहा पुढे करीत हळूच म्हणाले, "महाराज, या दुधाच्या म्हशीचं रेडकू कुठं गेलं, ते नाही विचारलंत?"

आळ्याच्या रेड्याच्या समाधीपुढे आम्ही मस्तक ठेवतो. आणि गोठ्यातले नर रेडकू? दूध तोडून त्याला उपाशी मरू देतात, नाहीतर बाजार दाखवतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

मुलांना हे सारे सांगायलाच हवे, यात आता शंका उरली नाही. परंतु न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून नव्हे. चैत्रात त्याच शाळेत पुन्हा जायचे आहे. दुधापासूनच आरंभ करू. आबांनाही बोलायला बोलावले आहे. अजून हो म्हणालेले नाहीत.