थांबलेल्या सर्व्हरची साक्ष

प्रोग्रॅम कोसळतो तेव्हा विंडोज त्याची दखल घेते. इव्हेंट लॉगमध्ये नोंद पडते, कोणत्या डीएलएलमध्ये घोटाळा झाला ते कळतं, आणि सर्व्हिसच्या रिकव्हरी टॅबमध्ये तशी सोय केलेली असेल तर ती आपोआप पुन्हा सुरूही होते. प्रोग्रॅम अडकतो तेव्हा यातलं काहीच घडत नाही. सर्व्हिसेसच्या यादीत ‘रनिंग’ दिसत राहतं, सीपीयू शून्याच्या आसपास असतो, पिंगला उत्तर येतं. एवढंच काय, त्या पोर्टला नवी जोडणीसुद्धा लागते, कारण टीसीपीची सुरुवातीची देवाणघेवाण कर्नल परस्पर उरकतो. आपल्या प्रोग्रॅमने ती जोडणी हातात घेतली की नाही, हे रांग भरेपर्यंत तो पाहत नाही.

एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे देखभालीला होतं. काट्यांवरची वजनं एका विंडोज सर्व्हरवर येत, तिथून पावती निघे, आणि काट्याचा हलता आकडा इतर विभागांतल्या पीसींवरही सतत दिसत राही. गळीत हंगाम ऐन भरात असताना ही सर्व्हिस मधूनच अडकू लागली. पावती निघेना की बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या खोळंबत. तोडलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो, वजन घटतं, आणि ती घट शेतकऱ्याच्या बिलातून जाते. अशा वेळी रात्रपाळीच्या ऑपरेटरने सर्व्हिस रीस्टार्ट केली तर त्याला दोष कसा द्यायचा? काम लगेच सुरू होई. कारण मात्र त्याच क्षणी पुसलं जाई.

अडकलेल्या प्रोसेसची साक्ष तिच्या मेमरीतच असते: कोणता थ्रेड कुठे उभा आहे, कोणतं लॉक कोणाच्या हातात आहे. लॉग फाइल इथे फारशी कामाला येत नाही, कारण लॉग लिहिणारे थ्रेडही थांबलेले असतात. म्हणून ऑपरेटरला इतकंच सांगितलं, की आधी डेस्कटॉपवरची ही बॅच फाइल चालवा, मग खुशाल रीस्टार्ट करा. त्या फाइलमध्ये सिसइंटर्नल्सच्या प्रॉकडंपची आज्ञा होती. थोड्या अंतराने दोन पूर्ण डंप घेणारी. दोन अशासाठी, की एकाच डंपमध्ये अडकलेला थ्रेड आणि नुसता हळू चालणारा थ्रेड सारखेच दिसतात. दुसऱ्या डंपमध्येही तो तिथेच उभा असेल, तर संशयाला आधार मिळतो.

विनडीबीजीमध्ये डंप उघडल्यावर जवळजवळ सगळे थ्रेड एकाच क्रिटिकल सेक्शनसाठी ताटकळलेले दिसले. पाहणाऱ्याची नजर अशा वेळी गर्दीवरच खिळते आणि थ्रेड वाढवायची सूचना हमखास पुढे येते. पण नवा थ्रेडही येऊन त्याच रांगेत उभा राहणार, वर प्रत्येकाच्या स्टॅकसाठी साधारणपणे 1 एमबी जागा राखली जाणार. क्रिटिकल सेक्शनच्या रचनेत लॉक धरणाऱ्या थ्रेडचा क्रमांक लिहिलेला असतो. तो घ्यायचा, त्या थ्रेडचा स्टॅक वाचायचा, आणि हा कशाची वाट पाहतोय एवढंच विचारत साखळीच्या टोकापर्यंत जायचं. मला या कामात सर्वांत जास्त आवडतो तो हाच भाग. इथे तर्काला फाटे फोडायला जागा नसते.

आमचा लॉकधारी थ्रेड एका क्लायंटला आकडा पाठवताना सॉकेटवर थांबला होता. तो पीसी बंद नव्हता. बंद असता तर टीसीपीने काही वेळात हात टेकले असते आणि पाठवणाऱ्याला चूक कळवली असती. पीसी जिवंत होता, पोचही देत होता, फक्त ‘आता जागा नाही’ असं सांगत होता. अशी जोडणी टीसीपी कितीही काळ धरून ठेवते.

जागा का नव्हती, हे त्या पीसीपुढे बसल्यावर समजलं. आकडे दाखवणारा प्रोग्रॅम साध्या कन्सोलच्या काळ्या खिडकीत चाले. तिथे क्विकएडिट चालू असताना मजकुरावर माऊसने क्लिक केलं, की निवड सुरू होते आणि एस्केप किंवा एंटर दाबेपर्यंत प्रोग्रॅमचं स्क्रीनवर लिहिणं खोळंबतं. लिहिणं थांबलं म्हणून वाचणं थांबलं. आधी क्लायंटचा बफर भरला, मग सर्व्हरचा. त्यामुळे क्लिक आणि अडकणं यांच्यात बराच वेळ जाई आणि कोणालाच त्यांचा संबंध लागत नसे. कधी कोणी सहज एंटर दाबे, नि सर्व्हर ‘आपोआप बरा’ होई.

दुरुस्ती लहान होती. लॉक धरून फक्त क्लायंटची यादी उतरवून घ्यायची, लॉक सोडायचं, मग पाठवायचं. आणि पाठवण्याला मुदत घालायची. ही मुदत मला महत्त्वाची वाटते. सॉकेटवर ती मुळात नसतेच. किपअलाइव्ह मुद्दाम चालू करावं लागतं, आणि केलं तरी विंडोजमध्ये पहिली चौकशी 2 तासांच्या शांततेनंतर होते. क्रिटिकल सेक्शनची ठरावीक मुदत तर 25,92,000 सेकंदांची आहे, म्हणजे 30 दिवस. हे आकडे ठरवणाऱ्याला आपल्या दारातली रांग माहीत असणं शक्यच नाही. तरीही आपण ते न पाहता स्वीकारतो. आमची मुदत किती असावी हे काट्यावरच्या कारकुनाला विचारून ठरलं. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं: पडद्यावरचा आकडा गेला तरी चालेल, पावती थांबता कामा नये. म्हणून दोन सेकंदांत न घेणाऱ्या क्लायंटची जोडणी सर्व्हर आता सरळ तोडतो.

रिकव्हरी टॅब अजूनही फक्त कोसळणंच ओळखतो. त्यामुळे देखरेखीचा जो प्रोग्रॅम पूर्वी नुसतं पोर्ट उघडून पाही, तो आता एक खोटं वजन पाठवतो आणि चाचणीची पावती परत येते का पाहतो. ती आली नाही, तर आधी डंप घेतो आणि मगच रीस्टार्ट करतो.