पराभवानंतरचा अर्ज

२०२२ साली देवास नगर निगमाच्या निवडणुकीत मी पडलो. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी वॉर्डातील एक आजी पेन्शनचा अर्ज लिहून घ्यायला आल्या, आणि माझ्या मनात पहिला विचार आला, ‘ह्यांनी मत कोणाला दिले?’ मग इतकी वर्षे मी केली ती सेवा, की पेरणी? गुप्त दानाचा मत्तयाचा सहावा अध्याय शब्बाथ शाळेत मीच शिकवतो!

आपल्या माळव्यातल्या महूत जन्मलेले डॉ. आंबेडकर लोकसभेला १९५२ साली मुंबईत व १९५४ साली भंडाऱ्यात पराभूत झाले. पण १९५० साली औरंगाबादेत निघालेले त्यांचे महाविद्यालय चालूच राहिले. ते मतांवर उभे नव्हते.

आजींचा अर्ज मी लिहिला. मत विचारले नाही. विचारावेसे मात्र वाटले, हे प्रभूपुढे कबूल केले आहे.