निष्ठा की हट्ट?



"विरोध होतो आहे, म्हणजे मी योग्य मार्गावर आहे, असेच ना?" असा प्रश्न काही वर्षांपूर्वी एका तरुणाने मला विचारला. मध्य प्रदेशातील एका शहरात मराठी मंडळीपुढे वचन सांगण्यास मी गेलो होतो. उपासना आटोपली, मंडळी पांगली, तरी तो थांबून राहिला होता. त्याचे वडील तरुणपणी ख्रिस्ती झाले; घरातील बाकीचे सर्वजण हिंदूच राहिले, पण येणेजाणे तुटले नव्हते. आजी वारली तेव्हा हा नातू तेराव्याला काकांच्या घरी गेला. पानावर बसण्याची वेळ आली तेव्हा त्याने जेवण नाकारले, आणि का नाकारतो हे सांगताना जमलेल्या नातेवाइकांना मूर्तिपूजेविषयी, मृतांच्या गतीविषयी आणि खऱ्या देवाविषयी बरेच काही ऐकवले. काकांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढले. "ख्रिस्तासाठी मला घराबाहेर काढले," असे तो सांगत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा समाधानच अधिक दिसत होते.

मी त्याला तेथल्या तेथे उत्तर देऊ शकलो नाही. विशीत असताना मीही असेच एक भाषण एका शोकाकुल घरात केले होते, हे मला आठवले.

आपल्या व्यासपीठांवरून एक विचार वारंवार ऐकू येतो. जगाने प्रभूचा द्वेष केला, जग आपलाही द्वेष करील. म्हणून जेथे विरोध तेथे सत्य. यातील पहिला भाग शास्त्राचा आहे, शेवटचा निष्कर्ष मात्र आपण पदरचा जोडलेला आहे. विरोध चोरालाही होतो. डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५:११) प्रभूने छळ सोसणाऱ्यांना धन्य म्हटले, तेव्हा दोन अटी घातल्या होत्या: आरोप खोटा असावा आणि कारण प्रभू स्वतः असावा. या अटी आपण वाचतो, पण स्वतःला लावून पाहत नाही.

पेत्राचे पहिले पत्र याबाबतीत अधिक परखड आहे. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर लाज वाटू देऊ नका, असे सांगण्याच्या आधीच्याच वचनात (४:१५) प्रेषित बजावतो, की तुमच्यापैकी कोणी खुनी, चोर किंवा दुष्कर्मी म्हणून दुःख सोसू नये. आणि या भयंकर यादीच्या शेवटी एक चमत्कारिक शब्द येतो: 'अल्लोत्रिएपिस्कोपोस'. नव्या करारात तो या एकाच ठिकाणी आढळतो. त्याच्या अर्थाविषयी पंडितांत एकवाक्यता नाही. कोणी त्यात परक्याच्या मालमत्तेवर डोळा ठेवणारा पाहतात, तर बहुतेक जण दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा असा अर्थ घेतात. शब्दाचे दोन तुकडे मात्र स्पष्ट आहेत. पहिला 'दुसऱ्याचे', आणि दुसरा तोच शब्द, ज्याचे भाषांतर आपण मंडळीचा 'अध्यक्ष' असे करतो. म्हणजे, दुसऱ्याच्या घराचा आपणहून झालेला अध्यक्ष! भाषांतराच्या मेजावर या शब्दापाशी मी पुष्कळ वेळ घालवला आहे, आणि दर वेळी मला थोडे अवघडल्यासारखे झाले आहे. चोर आणि खुनी यांच्या पंक्तीला प्रेषिताने ज्याला बसवले, तो मनुष्य आपल्या मंडळ्यांतून अनेकदा आवेशी विश्वासणारा म्हणून गौरवला जातो.

हे पत्र ज्यांना लिहिले ते पंत, गलतीया, कप्पदुकिया, आसिया व बिथुनिया या प्रांतांत पांगलेले विश्वासणारे होते. यांपैकी बिथुनिया व पंत येथे पुढे काय घडले याचा एक विलक्षण पुरावा इतिहासात उरला आहे. इ. स. ११२ च्या सुमारास तेथील रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजान याला एक पत्र लिहिले. ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्यांना तो तीनदा विचारी, शिक्षेचा धाक घाली, आणि तरीही जे कबुली सोडत नसत त्यांना मृत्युदंडासाठी पाठवी. रोमी नागरिक असत त्यांना तो रोमला रवाना करी. त्यांचा अपराध नेमका कोणता हे त्यालाच नीटसे उमगले नव्हते. पण अपराध काहीही असो, त्यांचा न वाकणारा हट्टच शिक्षेला पात्र आहे याविषयी त्याला संशय नव्हता.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याला आपण निष्ठा म्हणतो, त्याला तो हट्ट म्हणत होता. प्लिनी मूर्ख नव्हता, वाङ्मयाचा जाणकार आणि त्याच्या काळाच्या मानाने सुसंस्कृत असा अधिकारी होता. मग निष्ठा आणि हट्ट हा केवळ पाहणाऱ्याच्या नजरेचा फरक आहे काय? आतून पाहिले की निष्ठा, बाहेरून पाहिले की हट्ट, इतकेच? तसे असेल, तर आमच्या हुतात्म्यांना आणि कोणत्याही पंथाच्या कडव्या माणसाला एकाच तराजूत घालावे लागेल.

मला वाटते, उत्तर त्याच पत्रात सापडते, आणि तेही ज्यांनी विश्वास सोडून दिला होता त्यांच्या तोंडून. कोणी काही वर्षांपूर्वी, तर कोणी वीस वर्षांपूर्वीच ख्रिस्ताला सोडलेले असे लोक प्लिनीपुढे उभे राहिले. त्यांनी सम्राटाच्या मूर्तीला वंदन केले, ख्रिस्ताला शापही दिला. मागे राहिलेल्या सोबत्यांविषयी काही वाईट सांगून सुभेदाराची मर्जी संपादन करण्याची ती नामी संधी होती. पण ते काय सांगू शकले? ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी आम्ही जमत असू, ख्रिस्ताला देव मानून गीत गात असू, आणि शपथ घेत असू ती कोणत्याही गुन्ह्यासाठी नव्हे. चोरी, लूट, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी ठेवलेली ठेव परत मागितली तर नाकारणार नाही, यासाठी. नंतर एकत्र जेवण होई, तेही सुभेदाराने संघटनांवर बंदी घातल्यावर थांबले. सत्य काढून घेण्यासाठी प्लिनीने दोन दासींना यातना दिल्या. मंडळीत त्या सेविका म्हणून ओळखल्या जात. त्यांच्याकडूनही त्याला भरमसाट अंधश्रद्धेपलीकडे काही सापडले नाही, असे तो लिहितो.

बंदी आली तेव्हा जेवण थांबले. ख्रिस्ताला शाप देण्याची वेळ आली तेव्हा मात्र पुष्कळांनी मरण पत्करले. काय सोडता येते आणि काय सोडता येत नाही, याचा विवेक त्यांच्या ठायी होता. हट्टी माणसाला हा विवेक परवडत नाही. त्याला सर्वच गोष्टी सारख्या प्राणपणाच्या वाटतात, कारण त्या प्रत्येकीत तो स्वतः अडकलेला असतो.

आपल्या भाषेतील एक उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. स्वदेशात त्यांच्यावर टीकेची झोड उठली हे आपण जाणतोच. पण त्याच काळात ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीही त्यांचा तीव्र पत्रव्यवहार चालू होता, हे आपण सहसा सांगत नाही. त्रैक्याचा सिद्धांत केवळ मंडळी सांगते म्हणून मानण्यास रमाबाई तयार नव्हत्या. स्वतः शास्त्र वाचून पटेल तेवढेच मी कबूल करीन, अशी त्यांची भूमिका होती. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नसावीत, असेही त्यांनी विचारले. वडीलधाऱ्या धर्मभगिनींना हा अहंकार वाटला. मला त्यात अहंकाराचा अंश मुळीच नव्हता असे म्हणवत नाही. परंतु हट्टी मनुष्य प्रश्न बंद करतो, आणि रमाबाई ते उघडत होत्या. पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे, की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सुमारे आठ वर्षांनंतर भेटला. ज्या विश्वासासाठी त्यांनी इतका विरोध सोसला, तो अपुरा होता हे त्या स्वतःच कबूल करतात!

दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले व पुढच्याच वर्षी पुण्यास गेलेले शारदासदन विधवांच्या शिक्षणासाठी होते, आणि तेथे धर्माच्या बाबतीत कोणावर दडपण येणार नाही असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. दार लावून घ्या, असे सांगण्यात आले. त्यांनी लावले नाही. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आपण हा प्रसंग रमाबाईंच्या धैर्याचा म्हणून सांगतो. तो तसा आहेच. पण पालकांची भीती सर्वस्वी निराधार नव्हती हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, कारण पुढे सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. त्या पालकांना सत्याचे शत्रू ठरवून आपण मोकळे होतो, तेव्हा मला अस्वस्थ वाटते. रानडे शत्रू नव्हते. माझ्यापुरते मी इतके म्हणतो, की कोणाला ओढून न आणणे आणि आपली प्रार्थना लपवूनही न ठेवणे, या दोहोंच्या मध्ये जी अरुंद जागा उरते तेथे रमाबाई उभ्या होत्या. पुढे त्यांनी हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल खेड्यांतील साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत उतरवले. १९२२ साली त्या वारल्या, आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने निघाले. त्यातील कित्येक शब्दांविषयी माझा मतभेद आहे. तरी तो ग्रंथ माझ्या हाताशी असतो.

गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगतो. जेथे प्रार्थनेला जमलेल्यांना मारहाण होते, घर भाड्याने नाकारले जाते, दफनासाठी जागा मिळू दिली जात नाही, तेथे सोसणाऱ्यांना "आधी आत्मपरीक्षण करा" म्हणणे हा दुष्टपणा होईल. तेथे कायद्याचा आधार घ्यावा. पौलाने फिलिप्पैमध्ये आपले रोमी नागरिकत्व पुढे केले, कैसराकडे दाद मागितली. त्यामुळे त्याचा विश्वास उणा झाला नाही. आपल्या राज्यघटनेचे २५ वे कलम आपल्यासाठीही आहे. पण रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपक लावून शेजाऱ्यांची झोप मोडल्यावर जी तक्रार होते, तिला छळ म्हणू नये, एवढे तरी आपण कबूल करू या.

त्या तरुणाला मी पुढे पत्र लिहिले. पानावर न बसणे हा तुझ्या सद्सद्विवेकबुद्धीचा प्रश्न होता, असे मी कळवले. मीही कदाचित बसलो नसतो. माझे काही ख्रिस्ती मित्र बसले असते, आणि त्यांना मी कमी विश्वासू समजत नाही. तुला "नको" म्हणावयाचे होते, तर हात जोडून तेवढेच म्हणता आले असते. ज्याची आई गेली त्या माणसाच्या घरात तुला अध्यक्ष कोणी नेमले होते? काकांनी बाहेर काढले ते नकाराबद्दल की भाषणाबद्दल, हे तू त्यांनाच जाऊन विचार.

उत्तर यायला पाच महिने लागले. प्रथम त्याला माझा रागच आला होता. नंतर तो काकांकडे गेला, आणि भाषणाबद्दल त्याने क्षमा मागितली. जेवण नाकारल्याबद्दल मागितली नाही, हे त्याने पत्रात अधोरेखित केले होते. काका काही बोलले नाहीत. उठून आतल्या खोलीत गेले. काकूंनी चहा ठेवला, आणि आजीच्या आजारपणाच्या शेवटच्या आठवड्याविषयी त्या तासभर बोलत राहिल्या. तो ऐकत बसला होता.