सांगणाऱ्याविना साक्ष : विद्यापीठांची सामायिक तालिका आणि शब्दप्रमाण

ग्रंथालयाची तालिका म्हणजे संग्रहातील ग्रंथांविषयी केलेल्या विधानांचा समुच्चय होय. या ग्रंथाचे नाव हे, कर्ता हा, प्रकाशनाचे साल हे, विषय हा, अशी ती विधाने असतात आणि ती वाचणाऱ्याने तो ग्रंथ अजून पाहिलेला नसतो. किंबहुना पाहिलेला नसतो म्हणूनच त्याला तालिकेची गरज पडते. न पाहिलेल्या वस्तूचे ज्ञान दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळवण्याच्या या साधनाला भारतीय दर्शनांनी शब्दप्रमाण असे नाव दिले आहे. ग्रंथ ग्रंथालयात दाखल झाल्यापासून तो वाचकाच्या हाती जाईपर्यंत त्याची नोंद, वर्गीकरण आणि विषयनिर्देश यांची जी कामे पडद्यामागे चालतात, त्यांना ग्रंथालयाच्या परिभाषेत तांत्रिक सेवा म्हणतात. अनेक विद्यापीठे ही कामे वाटून घेऊन एकमेकांच्या नोंदी वापरू लागली, की वाचकाबरोबर ग्रंथपालही दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो आणि शब्दप्रमाणाचा जुना प्रश्न नव्याने उभा राहतो : न पाहिलेल्या ग्रंथाविषयीचे दुसऱ्याचे विधान कोणत्या आधारावर खरे मानावे, आणि ते मानताना कोणती गोष्ट हातची जाऊ देऊ नये?

या विसंबण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ मध्ये आपली छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकत देण्यास आरंभ केला, तेव्हा एकाने केलेले वर्णन शेकडो ठिकाणी जसेच्या तसे वापरण्याची सोय झाली. त्याच संस्थेत हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६०च्या दशकात ‘मार्क’ ही रचना तयार झाली. नोंदीच्या प्रत्येक भागाला ठरावीक क्रमांक देऊन ती यंत्राला वाचता येईल अशी मांडणे, हे तिचे सूत्र होय. ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ओसीएलसी या संस्थेने १९७१ पासून संगणकाच्या जाळ्यावर सामायिक तालिकीकरण सुरू केले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचा इन्फ्लिबनेट हा उपक्रम १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेअंतर्गत सुरू झाला, १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र बनला, आणि देशभरातील विद्यापीठांच्या संग्रहांची ‘इंडकॅट’ ही संघतालिका, म्हणजे अनेक ग्रंथालयांची मिळून एक तालिका, त्याने उभी केली. अलीकडे या वाटचालीने आणखी एक टप्पा गाठला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा परिसरांनी जुलै २०२१ मध्ये एकच सामायिक प्रणाली स्वीकारली. अशा प्रणालीत सामायिक क्षेत्रातील एका ग्रंथाची एकच नोंद सर्वांसाठी असते, त्यामुळे एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्व ठिकाणी दिसते. आणि एका ठिकाणी झालेली चूकही.

न्यायदर्शनाने शब्दप्रमाणाची व्याख्या करताना आप्त पुरुषाचा उपदेश हे त्याचे लक्षण सांगितले आहे. हा आप्त कोण, याचे जे विवेचन वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात येते, ते सामायिक तालिकेसाठी जणू नियमावलीच ठरावे असे आहे. ज्याने वस्तूचा साक्षात अनुभव घेतला आहे, जशी ती पाहिली तशीच ती दुसऱ्याला कळावी अशी ज्याला इच्छा आहे, आणि त्या इच्छेने प्रेरित होऊन जो बोलतो, तो आप्त होय. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे भाष्यकार स्पष्टपणे सांगतो. प्रामाण्य हे कुळावरून किंवा पदावरून ठरत नसून पाहणे आणि प्रामाणिकपणे सांगणे यांवरून ठरते, हा यातला सिद्धांत आहे. तालिकेला तो लावला, तर मोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयाची नोंद केवळ मोठ्या ग्रंथालयाची म्हणून विश्वसनीय ठरत नाही, आणि लहान विद्यापीठाची नोंद केवळ लहान म्हणून दुय्यम ठरत नाही. ग्रंथ हातात घेऊन, त्याचे शीर्षकपृष्ठ व मागचे पृष्ठ पाहून, भाषा जाणून ज्याने नोंद केली, तो त्या ग्रंथापुरता आप्त आहे.

मात्र आप्ताचे वचन ऐकणाऱ्याने तपासावे की तपासू नये, याविषयी दर्शनांत मतभेद आहे. कुमारिल भट्टाच्या मीमांसेनुसार ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला बाधणारे दुसरे ज्ञान उपजले किंवा त्याच्या उगमात दोष आढळला, तरच ते अप्रमाण ठरते. या मताला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानाबाहेरून कळते. दुरून पाणी दिसले, जवळ जाऊन ते प्यायले आणि तहान भागली, म्हणजे आधीचे ज्ञान खरे होते हे ठरते. हे परतःप्रामाण्य होय. विद्यापीठांच्या तांत्रिक विभागांत हे दोन पक्ष रोज प्रत्यक्ष वागण्यात उतरलेले दिसतात. मिळालेली नोंद विरोधी पुरावा दिसेपर्यंत आहे तशी स्वीकारावी हे एक धोरण, आणि पुस्तक हातात घेऊन नोंद पडताळल्याशिवाय ती स्वीकारू नये हे दुसरे. पहिल्या धोरणाने वेळ वाचतो, आणि वाचकाचा वेळ वाचवणे हा शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एका सूत्राचा आशय असल्याने त्या धोरणाला उथळ म्हणता येत नाही. हजारो ग्रंथ दाखल होत असताना प्रत्येकाची पडताळणी करणे कोणत्याही विभागाला झेपणारे नाही. व्यवहारात स्वतःप्रामाण्याकडे झुकणे अपरिहार्य आहे.

परंतु मीमांसकांनी या मताला जोडलेली दुसरी गोष्ट येथे विसरून चालत नाही. वाक्यातील दोष हे बोलणाऱ्याकडून येतात, आणि वेदाला बोलणारा कोणी नाही, तो अपौरुषेय आहे, म्हणून त्यात दोषाला जागा नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ही सवलत त्यांनी एकट्या वेदाला दिली. माणसाच्या वाक्यात दोषाची शक्यता त्यांनी सदैव मान्य केली. सामायिक तालिकेचा खरा धोका नेमका येथे आहे. अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र येतात, एकाच ग्रंथाच्या दोन नोंदी यंत्र जुळवून एक करते, पुस्तकविक्रेत्यांकडून आलेली माहिती त्यात मिसळते, आणि शेवटी पडद्यावर जे वाक्य दिसते त्याला कोणी सांगणारा उरलेला नसतो. माणसानेच केलेले विधान अशा रीतीने अपौरुषेयासारखे भासू लागते, आणि ज्याचा बोलणारा दिसत नाही त्याला प्रश्न विचारणे कोणालाच सुचत नाही.

या बाबतीत जुन्या पंडितांची शिस्त आजच्या यंत्रणांना बरेच काही शिकवू शकते. थिओडोर आउफ्रेख्ट यांचा ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ हा संस्कृत हस्तलिखितांच्या सूचींची सूची असलेला कोश १८९१ ते १९०३ या काळात तीन भागांत निघाला, आणि त्याचा विस्तार करणारा नवा कोश मद्रास विद्यापीठाने १९३५ मध्ये हाती घेतला. यातील बहुतेक हस्तलिखिते संपादकांनी पाहिली असणे शक्यच नव्हते. हे कोश मुख्यतः इतरांच्या साक्षीवर उभे होते. म्हणूनच प्रत्येक हस्तलिखिताच्या उल्लेखापुढे तो कोणत्या सूचीतून घेतला हे संक्षेपाने दिलेले असते, आणि मूळ सूचीकार चुकला असेल तर चुकीचा माग काढत त्याच्यापर्यंत पोहोचता येते. मार्क रचनेतही ०४० या क्रमांकाचा रकाना आहे, त्यात नोंद मुळात कोणी केली, यंत्रात कोणी उतरवली आणि पुढे कोणी सुधारली त्या संस्थांची चिन्हे राहतात. परंतु त्यावरून नोंदीला कोणाचे हात लागले एवढेच कळते, कोणी काय बदलले हे कळत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२ मध्ये मांडलेल्या ‘बिबफ्रेम’ या नव्या प्रतिमानात नोंदीचे सुट्या-सुट्या विधानांत विघटन होते, आणि प्रत्येक विधानाला त्याचा सांगणारा जोडता येणे निदान तत्त्वतः शक्य होते. आधुनिकीकरणाची किंमत वेगाने आणि काटकसरीने मोजली जाते. ती मुख्यतः या शक्यतेने मोजली गेली पाहिजे.

प्रश्न अधिक गहन होतो तो नावांपाशी. एकाच कर्त्याची निरनिराळी नावे एका ठिकाणी बांधणाऱ्या नोंदीला प्राधिकृत नोंद म्हणतात, आणि निरनिराळ्या देशांतील राष्ट्रीय ग्रंथालयांच्या अशा नोंदी एकमेकींशी जोडणारी ‘व्हायफ’ ही आंतरराष्ट्रीय संचिका आज उपलब्ध आहे. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा आणि त्यांची रोमन लिपीतील अनेक रूपे एकाच ओळखक्रमांकाखाली आणणे यंत्राला सोपे आहे. पण ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एकच की दोन, हा वाद मराठी संशोधनात होऊन गेला आहे. आणि नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्या आहेत, कारण दोघांची नाममुद्रा ‘नामा’ हीच. येथे क्रमांक देणे म्हणजे वादात निर्णय देणे होय. वात्स्यायनाचा निकष लावला, तर जे जसे पाहिले तसेच सांगणे यात जे अनिश्चित दिसले ते अनिश्चित म्हणून सांगणेही येते. संशयाला जागा न ठेवणारी तालिका नीटनेटकी दिसेल, पण ती आप्ताची वाणी असणार नाही.

प्रामाणिक साक्षीदारही आपल्याजवळच्या शब्दांतच बोलतो, हीसुद्धा एक मर्यादा आहे. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रकाशित केलेल्या दशांश वर्गीकरणाच्या रूढ मांडणीत धर्मासाठी राखलेल्या २०० या वर्गातील २२० ते २८० हे विभाग बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांना गेले, आणि जगातील उरलेले सर्व धर्म २९० या एका विभागात बसवले गेले. हिंदू धर्माच्या वाट्याला त्यातला २९४.५ हा अंक आला. यात कोणाची फसवणूक करण्याचा हेतू नव्हता, पण जो समाज ज्या खिडकीतून पाहतो त्या खिडकीची चौकट वर्णनात उतरली, आणि सामायिकतेमुळे ती चौकट ज्यांची नव्हती त्यांच्याही भिंतीत बसली. अमेरिकेतील ‘इल्लीगल एलियन्स’, म्हणजे ‘बेकायदेशीर परके’, या विषयशीर्षकाविरुद्ध डार्टमथ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये आवाज उठवला, लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१६ मध्ये बदल जाहीर केला, त्याला राजकीय विरोध झाला, आणि ते शीर्षक अखेर २०२१ मध्ये बदलले गेले. एका शब्दाच्या दुरुस्तीला सात वर्षे लागावीत, यावरून सामायिक व्यवस्थेत सांगण्याइतकाच खोडून काढण्याचा हक्कही वाटला गेला पाहिजे, हे ध्यानात येते.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत हा हक्क कर्तव्याचे रूप घेतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली येथील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके मिळवून अमेरिकेतील विद्यापीठांना पुरवत आले आहे, आणि त्या निमित्ताने मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिप्यंतरासह जगाच्या तालिकांत पोहोचल्या. ज्यांनी ते ग्रंथ पाहून नोंदी केल्या ते निःसंशय आप्त होत, आणि त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण ऋषिऋण जसे अध्ययनाने आणि अध्यापनाने फिटते, नुसत्या कृतज्ञतेने नव्हे, तसे हे ऋणही मराठी भाषेच्या प्रदेशातील विद्यापीठांनी स्वतः साक्ष दिल्यानेच फिटेल. संताच्या नावाची कोणती रूपे प्रचारात आहेत, एकाच शीर्षकाच्या दोन पोथ्या कोठे वेगळ्या होतात, टोपणनावामागे कोण आहे, हे ज्यांना जवळून माहीत आहे त्यांनी इतरांच्या नोंदी केवळ उतरवून घेत राहणे म्हणजे, वात्स्यायनाने सर्वांना खुले ठेवलेले आप्ताचे स्थान आपण होऊन सोडून देणे आहे.

आता यंत्रे स्वतःच नोंदी रचू लागली आहेत. मुखपृष्ठाच्या चित्रावरून किंवा मजकुरावरून विषय सुचवणे हे उपयुक्त साहाय्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही; परंतु जे पाहिले तसे कळवण्याची इच्छा यंत्राला असते असे म्हणता येत नाही, आणि चुकीचा जाब ते देऊ शकत नाही. म्हणून त्याने सुचवलेले विधान हे सूचना म्हणूनच चिन्हांकित राहावे आणि ग्रंथ पाहिलेल्या माणसाने ते आपले म्हणून स्वीकारल्यावरच त्याला साक्षीचा दर्जा मिळावा. असे केल्याने काम थोडे मंदावेल, पण विधानामागे उभा राहणारा कोणीतरी उरेल.

सामायिक तालिकेची अंतिम पडताळणी ग्रंथपालाच्या टेबलावर होतच नाही. नोंद वाचून वाचक कपाटापर्यंत जातो, सांगितलेल्या जागी हात घालतो, आणि हवा होता तोच ग्रंथ हाती येतो. नैयायिकांची तहान तेथे भागते आणि दूर कोठेतरी बसून कोणी केलेले विधान त्या क्षणी प्रमाण ठरते. ग्रंथ भलताच निघाला, तर ही चूक कोणाला कळवायची याचे उत्तर त्या वाचकाला त्याच नोंदीत सापडले पाहिजे.