आकाशाकडे दृष्टि लावा



पाऊस लांबला, विहीर आटली, म्हणजे परमेश्वराला आमची आठवण आहे काय, असें आमच्या मनांत येतें. ख्रि. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडलें, मंदिर जळालें, तेव्हां बाबेलांत बंदिवान झालेले यहूदीहि हेंच म्हणूं लागले. यशयाच्या ४० व्या अध्यायांत संदेष्टा त्यांस आकाशाकडे पाहावयास सांगतो. बाबेलचे लोक ताऱ्यांस देव मानीत. संदेष्टा म्हणतो, ते तर आमच्या परमेश्वराचें सैन्य! तो त्यांची गणती करितो, एकेकास नांवानें बोलावितो.

कचेरींत साहेब जितका मोठा, तितका गरिबाचा अर्ज त्याजपर्यंत पोंचणें कठीण. येथें उलट आहे. देव इतका थोर आहे म्हणूनच त्याच्या गणतींतून कोणी सुटत नाहीं.

अवर्षणांत ढग नसतात, म्हणून रात्रीं तारे अधिक स्वच्छ दिसतात. १९७२ च्या दुष्काळांत दिवसभर खडी फोडून आलेल्या आमच्या वडीलमाणसांवर हेंच आकाश होतें. तें पसरणाऱ्यापुढें आपण मोघम प्रार्थना कां करावी? कर्जाचा आकडा सांगावा, आजारी लेकराचें नांव घ्यावें. आज रात्रीं निजण्यापूर्वीं सहकुटुंब अंगणांत बसा, आणि त्या अध्यायाचें २६ वें वचन मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्या.