कार्डाचे सोवळे

लॅपटॉपच्या खाचेत कार्ड सरकवले की लिनक्स दोनदा ‘बीप’ करायचे. पीसीएमसीआयए कार्डांच्या त्या जमान्यात पहिला चढा सूर म्हणजे कार्डाची ओळख पटली, दुसरा म्हणजे ते कामाला लागले. सूर खाली आला की वापरणाऱ्याची रात्र गेलीच. डेव्हिड हाइंड्स यांच्या पीसीएमसीआयए-सीएस या पॅकेजवर तेव्हा सगळी भिस्त होती. खोक्यावरचे नाव तेच आणि आतली चिप निराळी, हीही डोकेदुखी असे. लिंक्सिसच्या डब्ल्यूपीसी११ या वायरलेस कार्डाच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रिझम चिप होती, चौथीत रिअलटेक.

पुढे अडचणीची जातच बदलली. नव्या कार्डांतल्या चिपला स्वतःचा प्रोग्राम कायमचा साठवता येईना. दर वेळी तो ऑपरेटिंग सिस्टिमने भरायचा. हे फर्मवेअर उत्पादक देतो, त्याचा सोर्स कोड मात्र देत नाही. स्वतःला मुक्त म्हणवणाऱ्या सिस्टिमने हा बंद कोड घरात घ्यावा का? प्रश्न अभियांत्रिकीचा राहिला नाही, सोवळ्या-ओवळ्याचा झाला.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे सोवळे सर्वांत कडक. पण त्यातही एक फट आहे. दुय्यम प्रोसेसरमधले जे सॉफ्टवेअर खरेदीनंतर बदलले जाणे अपेक्षितच नाही, त्याला संस्थेच्या प्रमाणपत्राच्या निकषांत सूट मिळते. तेच बंद फर्मवेअर चिपमध्ये कायमचे कोरलेले असेल तर चालते. डिस्कवरून भरावे लागले की विटाळ.

हे हास्यास्पद वाटेल, पण त्यामागे विचार आहे. कोरलेला कोड उत्पादकालाही बदलता येत नाही, म्हणून उत्पादक आणि वापरकर्ता दोघे सारखेच हतबल. बदलता येणारा कोड एकाच्याच हाती असला, तर दुसरा त्याच्या मर्जीवर जगतो. अशुद्धी कोडमध्ये नसून या विषम सत्तेत आहे, असा हा युक्तिवाद. त्याची किंमत मात्र विचित्र आहे: जी फाइल दिसते, जिची आवृत्ती तपासता येते, ती नाकारली जाते आणि जे कधीच दिसत नाही ते निभावून जाते.

ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमने रेघ दुसरीकडे ओढली. कोड कार्डाच्या प्रोसेसरवर चालणार असेल आणि मुक्तपणे वाटता येत असेल, तर चालेल. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालणारा बंद तुकडा, म्हणजे ‘ब्लॉब’, अजिबात नाही. अथेरॉस वायरलेस चिपसाठी असाच एक बंद थर होता. रेक फ्लोटर यांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून त्याला मुक्त पर्याय लिहिला. 2006 मध्ये आलेल्या ओपनबीएसडीच्या 3.9 या आवृत्तीचे गाणेच मुळी ‘ब्लॉब’वर होते.

डेबियन या लिनक्स सिस्टिमची कसोटी सर्वांत अवघड, कारण 1997 च्या ‘सामाजिक करारा’त त्याने मुक्त सॉफ्टवेअर आणि वापरकर्ते या दोघांनाही वचन दिले होते. 2011 च्या आवृत्तीत त्याने कर्नलमधून, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातून, बंद फर्मवेअर काढून टाकले. त्यानंतर अनेक लॅपटॉपवर वायफायच सुरू होईना. काहींवर फर्मवेअरशिवाय आवाजही येईना. म्हणजे आवाजाच्या आधारे इन्स्टॉल करणारे अंध वापरकर्ते दारातच अडले. 2022 मध्ये सदस्यांनी मतदान करून करार दुरुस्त केला आणि 10 जून 2023 रोजी आलेल्या डेबियन 12 पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर समाविष्ट झाले.

ही तत्त्वच्युती आहे का? धर्मशास्त्राने अशा वेळेसाठी आपद्धर्म सांगितला आहे: संकटात नियमाला मुरड घालता येते, पण ती मुरडच आहे याचे भान सुटता कामा नये. डेबियनने जवळपास तेच केले. दुरुस्त करारातही हे फर्मवेअर डेबियनचा भाग मानलेले नाही. इन्स्टॉलर ते गरजेपुरते घेतो, तसे सांगतो आणि नकाराची सोयही ठेवतो. परतीची वाटही खुली आहे: अथेरॉसच्या एका यूएसबी वायफाय चिपचे फर्मवेअर 2013 मध्ये सोर्स कोडसह मुक्त झाले होते.

म्हणूनच तिघांत डेबियनची भूमिका अधिक प्रामाणिक ठरते. ती टिकवण्याचे काम मात्र वापरकर्त्याचे. कार्ड घेताना खोक्यावरचे नाव बाजूला ठेवून चिपचे नाव विचारावे, आणि ते चालू झाल्यावर कोणते फर्मवेअर भरले गेले हे कर्नलच्या लॉगमध्ये एकदा वाचावे.