नातवाचं तोंड पाहिलं की



आजचं वाचन एकनाथी भागवताच्या सातव्या अध्यायाचा शेवटचा भाग. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतोय. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य असे सात झाले. आठवा गुरू कपोत, म्हणजे आपलं कबूतर. कालपर्यंत सगळं सुरळीत होतं. पृथ्वीकडून सहन करणं शिकायचं, वाऱ्याकडून कशालाही न चिकटणं, डोक्याला पटकन पटतं. कपोतापाशी मात्र मी दर वर्षी अडखळते.

गोष्ट थोडक्यात सांगते. रानात कबुतरांचं जोडपं असतं. एकमेकांवर अतोनात जीव. पिल्लं होतात, त्यांचं चिवचिवणं ऐकून दोघांना स्वर्ग मिळतो. एक दिवस दोघं चारा आणायला गेलेली असताना पारधी येतो आणि पिल्लं जाळ्यात अडकतात. आई परत येते, पिल्लांचा आक्रोश ऐकते आणि धावत जाळ्यात शिरते. मग बाप येतो, शोक करतो आणि डोळ्यांसमोर जाळं दिसत असताना तोही आत जातो. पारध्याला एका खेपेत सगळं कुटुंब मिळतं. खूश होऊन तो घरी जातो.

अवधूत म्हणतो, हे शिकण्यासारखं आहे, म्हणजे असं करू नये हे शिकण्यासारखं. दर वर्षी माझ्या मनात एकच येतं: महाराज, पिल्लांसाठी उडी घेणाऱ्या आईला तुम्ही मूर्ख कसं म्हणता?

या वर्षी मात्र प्रश्न उलटा होऊन माझ्याच अंगावर आला. कारण गेली तीन वर्षं मी माझ्या आईवर रागावले आहे, आणि कशासाठी, तर तिने उडी घेतली नाही म्हणून.

झालं असं. बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले, आई शाळेतून. त्यानंतरची सहा वर्षं आजीच्या अंथरुणापाशी गेली. आजी गेली आणि त्याच वर्षी माझा मुलगा झाला. मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. मॅटर्निटी लीव्ह संपली की आई-बाबा आमच्याकडे, मी ऑफिसला, छोटू आजीकडे. मी विचारलंही नाही. इतकं गृहीत होतं. तेवढ्यात भाऊबीजेच्या जेवणावर बाबांनी शांतपणे सांगितलं की ते दोघं फेब्रुवारीपर्यंत राजस्थानात राहणार आहेत. फलोदीला दोन खोल्या भाड्याने घेतल्यात.

फलोदी कुठे, तर जोधपूरहून जैसलमेरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, थरच्या वाळवंटात. मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदलं गेलं ते हेच गाव. म्हणून फक्त हिवाळा. जवळच खीचन नावाचं खेडं आहे. तिथे दर हिवाळ्यात मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून हजारो करकोचे येतात. मारवाडीत त्यांना कुरजां म्हणतात. आई-बाबांनी ते एकदा सहलीत पाहिले होते. तेवढ्यासाठी चार महिने?

मी तेव्हा जे बोलले ते इथे लिहीत नाही. बाबांच्या हृदयात एक स्टेंट आहे आणि तिथून मोठं हॉस्पिटल गाठायचं तर जोधपूरच, सव्वाशे किलोमीटरच्या वर. मी तो मुद्दा काळजी म्हणून मांडला, पण खरं सांगायचं तर ती काळजी कमी आणि हत्यार जास्त होतं. बाबा म्हणाले, "काही झालं तर जोधपूरला नेतील. नाही पोहोचलो तर नाही पोहोचलो." या वाक्यावर मी आठवडाभर फोन केला नाही.

आता एक गंमत सांगते. वानप्रस्थ कधी घ्यायचा याची वेळ मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितली आहे. (मनुस्मृतीतलं सगळं मला पटत नाही, पटायचं कारणही नाही. पण ही नोंद बघा.) अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि मुलाचं मूल पाहिलं, की गृहस्थाने अरण्याकडे निघावं. बायकोला बरोबर न्यायचीही मुभा आहे. वाचून मी हसले आणि मग गप्प झाले. नातवाचं तोंड पाहिलं की निघा! आपल्या सोसायट्यांमध्ये नेमकं उलटं आहे. नातू झाला की आजी-आजोबांची ड्यूटी सुरू होते. शाळेची बस, पाळणाघर, डबा, ताप, क्लास. आणि आपण त्याला संस्कार म्हणतो. "आजी-आजोबांचं प्रेम मिळतंय" असं स्टेटसही टाकतो.

म्हणजे शास्त्राच्या हिशोबाने आई-बाबा अगदी वेळेवर निघाले होते. त्यांना हे माहीतही नव्हतं. बाबांना वानप्रस्थ म्हटलं तर म्हणाले, "कसला वानप्रस्थ, गीझर आहे खोलीत."

या जानेवारीत मी छोटूला घेऊन तिकडे गेले. पहिल्यांदाच. थोडं त्यांना बघायला आणि बरंचसं भांडायला.

पहाटे साडेसहाला रिक्षाने खीचनला. थंडी अशी की बोटं दुखत होती. गावाच्या कडेला कुंपण घातलेली मोठी मोकळी जागा आहे, चुग्गाघर. तिथे आदल्या संध्याकाळीच ज्वारी पसरून ठेवतात, रोजची शेकडो किलो, बहुतेक देणग्यांमधून. याची सुरुवात १९७०च्या दशकात गावातल्या एका जैन गृहस्थांनी केली, आणि तीही कबुतरांसाठी. कबुतरांचे दाणे टिपायला आधी थोडे करकोचे आले, मग दर वर्षी वाढत गेले. (कपोत इथेही आहेच.) २०२५ मध्ये खीचनला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळालं. वाळवंटातलं पाणथळ! दोन तलावांवर हे सगळं उभं आहे.

सूर्य वर आला आणि उत्तरेच्या आभाळात रेघा दिसायला लागल्या. मग आवाज. तो आवाज मला लिहिता येणार नाही. हजारो गळ्यांतून एकदम निघणारं कुर्र, कुर्र. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यांमागे पांढरे तुरे. छोटू माझ्या जॅकेटमध्ये शिरला आणि तिथूनच बघत राहिला. बाबा हळूच म्हणाले, "तो बघ, तुरे नसलेला, मळकट राखाडी. ह्या वर्षीचं पिल्लू. पहिला हिवाळा आईबापांबरोबर काढतं. वाट एकदा दाखवतात. परत जाऊन पुढची वीण सुरू झाली की वेगळं करतात." मी म्हटलं, "मला टोमणा मारताय का?" ते म्हणाले, "अगं, पक्ष्याबद्दल सांगतोय."

त्यांचे दिवस साधे असतात. सकाळी करकोचे, मग चहा, मग तलावापर्यंत चालणं. दुपारी झोप. संध्याकाळी कधी ओरणात. ओरण म्हणजे तिकडची देवराई, देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथे कुऱ्हाड चालत नाही. खेजडीची झाडं असतात. खेजडी म्हणजे आपली शमी, आणि तिच्यासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिष्णोईंनी जीव दिला, तीच. छोटूला बाबांनी वाळूवरचे ठसे वाचायला शिकवले. हा भुंग्याचा, हा उंदराचा, ही खोकड. साडेतीन वर्षांचं पोर तासभर वाळूवर पालथं पडून होतं. फोन मागितला नाही. मला जरा हेवाच वाटला.

एकदा ते जैसलमेरच्या बाजूला गेले होते माळढोक बघायला. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला जो जवळजवळ दिसेनासा झालाय, तोच. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. जगात दीडशेच्या आसपास उरलेत. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारेवर आदळतो आणि मरतो. बाबांनी आयुष्यभर तारा ओढल्या. मला म्हणाले, "चौतीस वर्षांत एकदाही वर बघून विचार केला नाही की ही वाट कुणाची आहे. लोकांना वीज दिली, त्याचं वाईट वाटत नाही. पण बघितलं नाही, त्याचं वाटतं." त्यांना गोडावण दिसला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहेत.

आणि मग तिसऱ्या दिवशी माझा बांध फुटला. आई चुग्गाघरात इतर बायकांबरोबर ज्वारी निवडत बसली होती, हसत, मोडक्या मारवाडीत गप्पा मारत. मला ते सहन झालं नाही. खोलीवर आल्यावर मी म्हटलं, "मंगोलियाच्या पाखरांना भरवायला तुझ्याकडे वेळ आहे. नातवाला भरवायला नाही."

आई काही बोलली नाही. मटार सोलत राहिली. बाबा छोटूला घेऊन बाहेर गेले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुला भरवलं, तुझ्या आजीला भरवलं. कंटाळा नाही केला. पण दर घास मोजलाय मी. कुणी किती खाल्लं, कुणी बरं म्हटलं, कुणी नाही म्हटलं. सगळा हिशोब आहे इथे." तिने छातीवर हात ठेवला. "ही पाखरं खातात आणि उडतात. मला ओळखत पण नाहीत. आणि मला राग येत नाही. हे मला आधी कधी जमलेलं नाही, म्हणून येते मी इथे. हे घेऊन मार्चमध्ये छोटूकडे आले की तुला तरी बरं की नाही?"

मी म्हटलं, "आणि मला नोव्हेंबरमध्ये गरज असेल तर?"

ती म्हणाली, "आले नव्हते का?"

आली होती. नोव्हेंबरअखेर छोटूला डेंग्यू झाला तेव्हा दुसऱ्या दिवशी जोधपूरहून विमानाने आली. अकरा दिवस राहिली. त्याच्या प्लेटलेट्स वर आल्या, तो नीट जेवायला लागला, आणि ती परत गेली. त्या अकरा दिवसांची मला आठवणच नव्हती. आठवत होतं ते फक्त तिचं जाणं, दारातली तिची बॅग.

परत आल्यावर पुन्हा कपोत वाचला. या वेळी बापाच्या शोकाकडे नीट लक्ष गेलं. त्याला पिल्लं वाचवायची आहेत असं कुठे दिसतच नाही. तो रडतो ते स्वतःसाठी. माझं घर गेलं, आता मी कशाला जगू. त्याच्याकडे घरट्याबाहेरचं काहीच उरलेलं नव्हतं, आभाळसुद्धा नाही. पक्षी असून. अवधूताचा आक्षेप प्रेमावर नसून या रिकामेपणावर असावा, असं मला वाटायला लागलंय.

हा अर्थ माझ्या सोयीचा आहे का? असेल. आईकबुतर तरी खऱ्या संकटात धावली होती, तिला अवधूत सोडत नाही, आणि तिथे मी अजूनही त्याच्याशी वाद घालते. पण जाळ्यातल्या पिल्लांच्या जागी स्वतःला ठेवून तीन वर्षं मी आक्रोश केला, तो कुठून? टू बीएचके फ्लॅटमधून. स्वयंपाकाला मावशी, चांगलं पाळणाघर, मुलाला वेळ देणारा नवरा. कुठलाही पारधी आलेला नव्हता. हे मान्य करायला मला एक पूर्ण ग्रंथ, एक वाळवंट आणि काही हजार करकोचे लागले.

नाथांचंही मनात येत राहतं. ही कथा आपल्याला मराठीत सांगणारा माणूस स्वतः संन्यासी नव्हता. पैठणचं भरलेलं घर, गिरिजाबाई, मुलं. ग्रंथ पैठणला सुरू झाला आणि १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाला. चरित्रकार सांगतात की नाथ प्राकृतात कीर्तन करतात म्हणून मुलगा हरिपंडित रुसून काशीला निघून गेला, तर नाथ स्वतः त्याला आणायला गेले आणि त्याच्या अटीही मान्य केल्या. कपोताची गोष्ट लिहिलेला बाप मुलासाठी पैठणहून काशीला जातो. हे कसं जुळवायचं? मला अजून जुळवता आलेलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर सांगा.

काल आईचा फोन होता. करकोचे दुपारी उंच उंच घिरट्या घालायला लागलेत, आता जातील म्हणाली. मार्चच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलंय. छोटूने फोन हिसकावला.

"आजी, पक्षी गेले की तू येणार?"

"हो."

"आणि पक्षी परत आले की?"

"मी परत इकडे."

"ओके," तो म्हणाला आणि फोन माझ्या हातात देऊन खेळायला गेला.

उद्या आठवा अध्याय, अजगर. राम कृष्ण हरी.